साथीच्या काळातली गरोदरपणाची तपासणी

गरोदरपणातल्या तपासण्या आठवड्यांच्या हिशोबाने चालतात. गर्भातले व्यंग पाहणारी सोनोग्राफी साधारण १८ ते २० व्या आठवड्यात व्हावी लागते, मधुमेहाची चाचणी २४ ते २८ व्या आठवड्यात. त्यामुळे साथ ओसरल्यावर पाहू, असे इथे म्हणता येत नाही. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. एसटी आणि रिक्षा बंद झाल्या, अनेक खासगी दवाखान्यांना टाळे लागले, आशाताई कोरोनाच्या सर्वेक्षणात गुंतल्या. उघड्या रुग्णालयात जायचे तर संसर्गाची धास्ती होतीच.

तपासणीतले बरेच काम फोनवर भागले. उलट्या, आहार, झोप, गोळ्या चालू आहेत की नाहीत, यासाठी रुग्णालयाची पायरी चढावी लागत नाही. लोह व फॉलिक अॅसिडची गोळी दुसऱ्या तिमाहीपासून रोज एक, अशी किमान १८० दिवस घ्यायची असते. या गोळ्या जास्त दिवसांच्या एकदमच देता येतात. रक्तदाब मात्र फोनवर कळत नाही. विसाव्या आठवड्यानंतर तो १४०/९० किंवा त्याहून वर गेला आणि लघवीत प्रथिने उतरली, तर झटके येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. सुरुवातीला बाईला काहीच जाणवत नाही, म्हणूनच हा आजार फसवा. दंडाला पट्टा बांधून पारा पाहणे, बोटातून थेंबभर रक्त घेऊन हिमोग्लोबिन तपासणे, पोटावर हात ठेवून बाळाची वाढ आजमावणे, ही कामे कुणीतरी समोर बसूनच करावी लागतात. आरोग्यसेविकेने दारात जाऊन केली तरी चालतात, पण टाळून चालत नाहीत. डोके सतत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावरून रक्त जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसले तर साथ असो वा नसो, लगेच रुग्णालय गाठायचे.

मुंबईच्या नायर रुग्णालयात कोरोनाबाधित गरोदर स्त्रियांसाठी वेगळी सोय झाली आणि तिथे शेकडो सुखरूप बाळंतपणे झाली. चाचणीअभावी बाळंतपण अडवू नये, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मे २०२० मध्येच स्पष्ट केले होते. लसीच्या बाबतीत मात्र उशीर झाला. सुरुवातीच्या चाचण्यांत गरोदर स्त्रिया नव्हत्या, त्यामुळे जानेवारी २०२१ मध्ये लसीकरण सुरू झाले तेव्हा त्यांना वगळले गेले. दुसरी लाट त्यांना पहिलीपेक्षा जास्त जड गेली. लसीची परवानगी मिळाली ती २ जुलै २०२१ रोजी, ती लाट ओसरत असताना.