दर्यावरील उमेदवारी

नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ वाहून कोळी बांधव होड्या समुद्रांत लोटतात, तेव्हां त्यांवर नवशिके तरुणहि असतात. वारा हेरणें, भरती-ओहोटी जाणणें, जाळें ओढणें हें सारें तांडेलाच्या नजरेखालीं शिकून मुलगा खलाशी होतो, आणि खलाशाचाच पुढें तांडेल होतो. या विद्येस हलकें लेखणें आम्हांस मान्य नाहीं. परंतु विद्यार्थ्याच्या जिवाची हमी कोणाची?

२००७ सालीं जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेनें केलेल्या १८८ व्या करारान्वयें मासेमारी नौकेवर काम करण्याचें किमान वय सामान्यतः १६, धोक्याच्या कामास १८. शिवाय करारनामा लेखी हवा. आमच्या २०१६ च्या दुरुस्त कायद्यानें १४ वर्षांखालील मुलांस कामावर ठेवणें मना केलें. मात्र शाळेनंतर घरच्या बिनधोक धंद्यांत मदत करण्याची सवलत राखली. भर समुद्रांतील रात्रीची मासेमारी बिनधोक म्हणावी काय? सवलतीची पळवाट होतां कामा नये.

शाळा आधीं, दर्या मागाहून. आणि दर्यावर जाणाऱ्याच्या हातीं लेखी करार, हाच न्याय्य क्रम होय. मासळीचा दर काटेकोरपणें वहींत टिपणाऱ्या व्यापाऱ्यांस व नौकामालकांस त्या मुलाचें वय आणि वाटा टिपणें जड कां जावें?