पैदाशीचे खुराडे घरीच बांधू या

आपल्या स्मरणिकेत धम्म, शिक्षण आणि चळवळ या विषयांवरील लेख वाचण्याची आपल्याला सवय आहे. त्यात कोंबड्यांच्या खुराड्यावरचा लेख पाहून काही वाचकांना हसू येईल. परंतु आपल्यापैकी कितीतरी जणांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च आईने विकलेल्या अंड्यांतून निघाला आहे. आमचाही निघाला. ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्यांच्या अंगणातही चार कोंबड्या असतात. मात्र त्या चाराच्या आठ का होत नाहीत, आणि झाल्या तरी का टिकत नाहीत, याचा विचार आपण क्वचितच करतो.

मुंगूस आणि रोगराई ही कारणे आहेतच. पण एक कारण आपल्याच हातातले आहे. जत्रेच्या दिवसांत भाव चांगला येतो म्हणून घरातला सर्वांत थोराड कोंबडा विकला जातो. मागे राहतो तो मरतुकडा, आणि पुढच्या वर्षीची पिल्ले त्याची होतात. शेतकरी चांगले कणीस बियाण्यासाठी बांधून ठेवतो. कोंबड्यांच्या बाबतीत आपण बियाणेच विकून बसतो. शिवाय मागे उरलेला कोंबडा बहुधा त्याच कोंबड्यांचा मुलगा किंवा भाऊ असतो. आमच्या घरी एकच कोंबडा सलग तीन वर्षे ठेवला, म्हणजे त्याच्या मुलींनाही तोच. पुढे बारा अंड्यांतून चार-पाच पिल्ले निघू लागली, त्यांतलीही एखादे पायाने अधू. आम्ही दोष उन्हाला दिला, दाण्याला दिला. खरा दोष रक्त न बदलण्याचा होता.

मोकळ्या अंगणात कोणत्या कोंबडीला कोणता कोंबडा, हे आपल्याला ठरवता येत नाही. म्हणून निवडलेला एक कोंबडा आणि निवडलेल्या आठ कोंबड्या वेगळ्या ठेवण्याची जागा करावी लागते. तिलाच पैदाशीचे खुराडे म्हणावे.

बांधणी : नऊ पक्ष्यांना रात्रीसाठी ६ फूट लांब व ४ फूट रुंद खोली पुरते. तिला लागून दिवसा फिरण्यासाठी १० फूट बाय ८ फूट जाळीचे अंगण असावे. जागा उंचवट्यावर घ्यावी, म्हणजे पावसाळ्यात पाणी साचत नाही. खोलीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. त्यामुळे सकाळ-संध्याकाळचे ऊन आत कमी शिरते. चारही बाजूंनी दोन फूट विटांची किंवा कुडाची भिंत आणि वर जाळी. छपराला जुना पत्रा चालेल, पण उन्हाळ्यात त्यावर तुराट्या किंवा पाचट टाकावे. जाळी अर्धा इंचाचीच घ्यावी आणि अंगणाभोवती ती जमिनीत फूटभर गाडावी. आम्ही पहिल्यांदा पैसे वाचवण्यासाठी मोठ्या भोकांची जाळी लावली, तीही नुसती जमिनीला टेकवून. एका रात्रीत मुंगसाने सात पिल्ले नेली. वाचवलेले पैसे असे गेले.

आत दीड-दोन फूट उंचीवर, गोलसर तासलेली सहा फुटांची दांडी आडवी बसवावी. एका कोंबडीला आठ इंच या हिशेबाने ती नऊ जणांना बरोबर पुरते. अंड्यांसाठी फूटभर लांबी, रुंदी व उंचीची दोन खोकी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावीत. खाली भाताचे तूस पसरावे आणि ओले झालेले लगेच काढावे.

निवड : कोंबडा अंगाने भरलेला, सरळ पायांचा आणि चपळ असावा. कोंबड्या नुसत्या देखण्या असून भागत नाही. कोण नियमित अंडी देते, कोण नीट उबवते, कोण पिल्लांना सांभाळते, हे घरातल्या बाईला तोंडपाठ असते. निवड तिलाच विचारून करावी. कोंबडा बदलल्यावर पहिले तीन आठवडे अंडी उबवणीला ठेवू नयेत, कारण आधीच्या कोंबड्याचा अंश कोंबडीच्या पोटात तितके दिवस टिकू शकतो.

उबवणीची अंडी धुऊ नयेत. निमुळते टोक खाली करून थंड जागी ठेवावीत आणि सात दिवसांच्या आत खुडूक कोंबडीखाली बसवावीत. एका कोंबडीखाली दहा-बारा पुरेत. सातव्या रात्री अंडे विजेरीसमोर धरले की लाल शिरांचे जाळे दिसते. जे स्वच्छ दिसेल ते रिकामे, ते काढून घ्यावे. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात.

आता मुख्य मुद्दा. एका घराने कितीही चांगले खुराडे बांधले तरी दोन-तीन वर्षांत रक्त पुन्हा जवळचे होते. यासाठी तीन घरे हवीत. पहिल्या घरचा उत्तम तरुण कोंबडा दरवर्षी दुसऱ्या घरी द्यावा, दुसऱ्याचा तिसऱ्याला, तिसऱ्याचा पहिल्याला. जुना कोंबडा काढावा. तलंगा मात्र ज्याच्या त्याच्या घरीच राहतील. प्रत्येक घराने आपल्या पक्ष्यांच्या पायात ठरावीक रंगाचे कडे घालावे, म्हणजे घोळ होत नाही. आलेला कोंबडा पंधरा दिवस दूर डालग्याखाली ठेवून मगच आत सोडावा. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आल्यापासून तरी ही काळजी कोणी टाळू नये. मानमोडीच्या लसीसाठीही तीन घरे बरी. तिच्या एका बाटलीत शंभर किंवा अधिक पक्ष्यांचे डोस असतात आणि बाटली फोडल्यावर ती दोन तासांत संपवावी लागते. एकट्या घरात ती वाया जाते; तिघांत कामी येते. कोणत्या वयाला कोणती लस, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे.

एक प्रश्न टाळता येणार नाही. भगवंतांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत मांसाचा व्यापार आहे. पिल्लांत निम्मे कोंबडे निघतात, त्यांचे काय करायचे? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. त्या आधाराने प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे. आम्ही आमच्यापुरते ठरवले आहे की खुराडे अंड्यांसाठी आणि तलंगांसाठी चालवायचे, आणि बळीसाठी पक्षी कोणत्याही भावाला द्यायचा नाही. जत्रेचा भाव बुडतो, हे खरे. पण बियाणे घरात राहते.

या लेखात पक्ष्यांची जात, रक्त, निवड असे शब्द आले. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात तथागतांनी समजावले आहे की पशुपक्ष्यांत जातीच्या वेगळ्या खुणा असतात, माणसांत तशा नसतात. तेव्हा हे शब्द खुराड्याच्या दाराबाहेर नेऊ नयेत. विद्यार्थ्यांनी या सुटीत आपल्या वस्तीतली तीन घरे जोडून द्यावीत. हिशेबाची वही त्यांनीच लिहावी, आणि त्यात पहिले नाव आईचे घालावे.

जयभीम!