गोदामात पाय कुठे सापडतो?

भिवंडीच्या गोदामपट्ट्यात असो वा इतरत्र, मालाच्या चढ-उतारात पायाला इजा होते ती बहुधा अशी :

● पॅलेट ट्रॉली : मागे चालत ओढताना ती अंगावर येते, पाऊल चाकाखाली सापडतं. शक्यतो ढकलावी, उतारावर भरलेली ट्रॉली पुढे उभं राहून रोखू नये.

● फोर्कलिफ्ट : ही मागच्या चाकांवर वळते. त्यामुळे वळताना तिचा मागचा भाग बाहेर फिरतो आणि बाजूला उभ्या असलेल्याचा पाय सापडतो.

● खिळे : मोडक्या लाकडी पॅलेटचा खिळा चपलेतून थेट तळव्यात घुसतो. जखम बारीक दिसली तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनबाबत डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावं.

● बूट : आयएस १५२९८ (भाग २) मानकाच्या सेफ्टी शूजची टोपी २०० जूलचा आघात सोसते; म्हणजे साधारण २० किलोचं वजन एक मीटरवरून पडावं तेवढा. मात्र ती बोटंच वाचवते, पावलाचा वरचा भाग नाही. जबर आघात झालेला बूट बदलावा.

● भरपाई : ईएसआयचा विमा असलेल्या कामगाराला कामावरच्या दुखापतीमुळे घरी बसावं लागलं, तर वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. अपघाताची नोंद लगेच करून घ्यावी.