क्रेडिट कार्डाचं फक्त ‘मिनिमम ड्यू’ भरताय? कर्ज कधी निम्मं होईल, ते लॉगरिदम सांगतो

कार्डाचं बिल ५० हजार रुपये. व्याज महिन्याला साडेतीन टक्के. आकडा छोटा वाटतो ना? पण हे व्याज चक्रवाढ असतं. वर्षाला ४२ नाही, तर जवळपास ५१ टक्के पडतं.

काहीच भरलं नाही तर कर्ज दुप्पट कधी होईल?

दर महिन्याला रक्कम १.०३५ पट होते. ‘म’ महिन्यांनी दुप्पट ओलांडायची, तर गणित असं:

(१.०३५)^म > २

इथे ‘म’ घातांकात अडकलाय. त्याला खाली आणायचं काम लॉगरिदम करतो. दोन्ही बाजूंचा लॉग घेतला की घातांक गुणाकारात येतो:

म × लॉग १.०३५ > लॉग २
म > ०.३०१० ÷ ०.०१४९४, म्हणजे सुमारे २०.१५

म्हणजे २१व्या महिन्यात कर्ज लाखाच्या पुढे. लेट फी आणि जीएसटी यात धरलेलेच नाहीत.

आणि फक्त मिनिमम ड्यू भरला तर?

समजा, मिनिमम ड्यू थकबाकीच्या ५ टक्के आहे आणि कार्डावर नवा खर्च शून्य. व्याज लागून रक्कम १.०३५ पट होते, ५ टक्के भरल्यावर तिच्यातली ९५ टक्के उरते. १.०३५ × ०.९५ = ०.९८३२५. महिन्याला कर्ज दोन टक्केही कमी होत नाही.

कर्ज निम्म्याखाली कधी येईल?

(०.९८३२५)^म < ०.५
म × (−०.००७३४) < −०.३०१०

बरेच जण चुकतात ते इथेच. १ पेक्षा लहान संख्येचा लॉग ऋण असतो आणि ऋण संख्येनं भागलं की चिन्ह उलटतं. म्हणून ‘म’ ४१ पेक्षा कमी नाही, तर जास्त हवा.

म्हणजे ४२ महिने, साडेतीन वर्षं! तोवर खिशातून साधारण साडे७८ हजार गेलेले असतात आणि तरी २४,६०० रुपयांच्या आसपास देणं बाकीच असतं.

फक्त किमान रक्कम भरली तर परतफेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लांबते, असा इशारा बिलावर छापणं रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे. पुढचं बिल आलं की ती ओळ नक्की शोधा. आणि जमेल तेव्हा पूर्ण बिल भरा, निदान मिनिममपेक्षा जास्त तरी.