लेथ घेताय? मग आधी स्टँडचं बघा!

नांदेड-लातूरकडच्या कुणाला घरच्या शेडमध्ये छोटा लेथ टाकायचा असेल तर कामाची कमतरता नाही. लातूरच्या डाळ मिल, जिनिंग, ट्रॅक्टर, पाण्याच्या मोटारी, सगळीकडे बुश, पिन, शाफ्ट लागतातच. पण बरेच जण सगळा पैसा मशिनला लावतात आणि लेथ जुन्या लाकडी टेबलावर ठेवतात. इथेच गडबड होते.

का? स्टँड हलला की जॉबवर लाटा उमटतात. स्टँड वाकडा असेल तर बोल्ट आवळताना लेथचा बेडही पिळला जातो आणि बुश एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक होतो. असा बुश बेअरिंगमध्ये बसत नाही. जॉब परत येतो आणि त्याच्यासोबत गिऱ्हाईकही जातं.

उंची ठरवा. सरळ उभं राहून कोपर वाकवा. जमिनीपासून कोपरापर्यंत जेवढी उंची, साधारण तेवढ्यावर चकचं सेंटर यावं. समजा कोपर 105 सेंमीवर आहे आणि लेथच्या तळापासून सेंटर 25 सेंमी आहे, तर स्टँड 80 सेंमीचा. दिवसभर वाकून काम केलं तर सहा महिन्यांत कंबर धरते.

माल. छोट्या बेंच लेथला 50 × 50 मिमी, 3 मिमी जाडीचा चौकोनी पाइप पुरतो. 90 × 40 सेंमी माप धरलं तर पाय, वरची-खालची फ्रेम आणि दोन आडवे मिळून साधारण सव्वानऊ मीटर लागतो. पाइप 6 मीटरचा येतो, म्हणजे दोन नग घ्या. उरलेल्यातून मागच्या बाजूला तिरपे आधार मारा, डगमग त्यानेच थांबते. वर 10 मिमीची प्लेट टाका, तिचंच वजन 28 किलोच्या आसपास भरतं. वजन जास्त तेवढी थरथर कमी.

वेल्डिंग. आधी फक्त टॅक मारा. दोन्ही कर्ण टेपने मोजा, सारखे आले की मगच पूर्ण वेल्ड करा. एक कोपरा झाला की समोरचा घ्या. एकाच बाजूने सलग ओढलं की उष्णतेने फ्रेम वाकते. प्लेट वेल्ड करू नका, बोल्टने बसवा. पायांखाली लेव्हलिंगचे बोल्ट द्या.

रंग. गंज आणि काळी पापडी वायर ब्रशने, पॉलिश पेपरने काढा. तेल थिनरने पुसा, नाहीतर रंग सोलून येणार. मग रेड ऑक्साइडचा एक हात, तो पूर्ण वाळला की ऑइल पेंटचे दोन पातळ हात, मध्ये एक रात्र जाऊ द्या. मे महिन्यात भर उन्हात रंग मारू नका, वरची साय लगेच वाळते आणि आत फुगे धरतात. सकाळी सावलीत मारा. पावसाळी दमट दिवस टाळा. रंग फिकट राखाडी घ्या, सांडलेलं तेल आणि कीस लगेच दिसतो. लेथचे पाय टेकतात ती जागा मात्र कोरी ठेवा. आणि थिनर वेल्डिंगपासून लांब!

तपासणी. स्पिरिट लेव्हल दोन्ही दिशांना लावा, बोल्ट आवळा. चकमध्ये 25 मिमीचा रॉड धरून बाहेर आलेला 10 सेंमी हलक्या कटने टर्न करा. दोन्ही टोकं मायक्रोमीटरने मोजा. फरक आला तर लेव्हल पुन्हा बघा, लेथच्या पायाखाली पातळ पत्रा देऊन पुन्हा मोजा. मोटारीला अर्थिंग आहेच, स्टँडलाही द्या.

आता धंद्याची गोष्ट. पीएमईजीपी किंवा सीएमईजीपीचं कर्ज घ्यायचा विचार असेल तर प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये फक्त लेथ लिहू नका. स्टँड, वायरिंग, मोजमापाची साधनं, सगळं धरा आणि जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या. हा खर्च सुटला तर तो खेळत्या भांडवलातून जातो आणि पहिल्याच महिन्यात मालाला पैसे उरत नाहीत.

तर मग मित्रांनो, मशिनची ऑर्डर द्यायच्या आधी टेप घ्या आणि कोपराची उंची मोजा. कामाला लागा!