मुरादबक्षाचा रुपया आणि शांतिदास झवेरींचे कर्ज

मोगल अमदानीत राज्यपदाच्या दोन खुणा मानल्या जात: मशिदीत नावाचा खुतबा आणि बाजारात नावाचे नाणे. इ. स. १६५७ च्या सप्टेंबरात बादशहा शाहजहान आजारी पडला. ही वार्ता येताच गुजरातचा सुभेदार असलेल्या त्याच्या धाकट्या पुत्राने, मुरादबक्षाने, वर्षअखेरीस अहमदाबादेत स्वतःस बादशहा घोषित केले. अहमदाबाद, सुरत व खंबायत येथील टांकसाळींतून त्याच्या नावाचे चांदीचे रुपये निघू लागले. त्यांवर हिजरी १०६८ हे वर्ष आढळते. काही नाण्यांवरील फारसी द्विपदीत तर शाहजहानचा वारसा लाभलेला ‘दुसरा सिकंदर’ असे त्याचे वर्णन आहे. पिता हयात असताना वारसा लाभल्याची ही द्वाही मोठी विलक्षणच!

परंतु नाण्यावर नाव कोरणे सोपे. सैन्य पोसायला द्रव्य हवे. मुरादच्या माणसांनी सुरतेचा किल्ला घेतला आणि तेथील व्यापाऱ्यांकडून पाच लाख रुपये कर्जाऊ उचलले. त्या व्यापाऱ्यांत प्रसिद्ध जैन श्रेष्ठी वीरजी व्होरा अग्रणी होते. अहमदाबादेत नगरशेठ शांतिदास झवेरी यांचे पुत्र व त्यांचे भागीदार यांच्याकडून साडेपाच लाख घेतले गेले. याला कर्ज म्हणावे की खंडणी, हे सुज्ञ वाचकांनीच ठरवावे. तलवार हाती असलेल्या ऋणकोला नकार देणारा सावकार विरळाच.

धर्मत व सामूगढच्या विजयांनंतर मुरादने या रकमेच्या परतफेडीचे फर्मान काढले. पुढे काही दिवसांतच, जून १६५८ मध्ये, मथुरेजवळ औरंगजेबाने त्यास मेजवानीस बोलावून कैद केले. सात-आठ महिन्यांची ती बादशाही तेथेच संपली. त्याचे रुपये आज दुर्मीळ आहेत, याचे मुख्य कारण हेच. १६६१ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्यात त्यास मृत्युदंड देण्यात आला.

धनको मात्र हात जोडून बसले नाहीत. ज्या औरंगजेबाने गुजरातच्या सुभेदारीत शांतिदासांनी बांधलेले चिंतामणी पार्श्वनाथांचे मंदिर भ्रष्ट केले होते, त्याच्याच दरबारी ते वृद्ध श्रेष्ठी गेले. ऑगस्ट १६५८ मध्ये त्यांना फर्मान मिळाले: मुरादने घेतलेल्या रकमेपोटी एक लाख रुपये सरकारी खजिन्यातून द्यावेत. शिवाय अहमदाबादेतील व्यापारी, महाजन व रयतेस नव्या बादशहाच्या सद्भावाची ग्वाही देण्याचे कामही शांतिदासांवरच सोपविण्यात आले.