गाठीबाहेरचे दोन-तीन सेंटिमीटर

डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबरन्स, म्हणजेच डीएफएसपी, हा त्वचेच्या आतल्या थरात उद्भवणारा दुर्मीळ कर्करोग आहे. वर्षाला दहा लाखांत फार तर चार-पाच जणांना तो होतो. दारिए आणि फेरां यांनी १९२४ मध्ये त्याचे वर्णन केले. पाठ, छाती किंवा खांद्यावर एक टणक, न दुखणारा चट्टा उठतो आणि वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. दुखत नसल्याने रुग्णाला घाई नसते. चरबीची गाठ किंवा केलॉइड समजून तो भूल देऊन काढला जातो, टाके पडतात आणि काढलेला तुकडा अनेकदा तपासणीला जातच नाही. पुढच्या अडचणी बहुतेक इथूनच सुरू होतात.

डोळ्याला दिसणारी कड ही गाठीची खरी कड नसते. पेशींचे तंतू त्वचेखालच्या चरबीत मधाच्या पोळ्यासारखे पसरलेले असतात. म्हणून गाठीभोवतीची दोन ते तीन सेंटिमीटर निरोगी दिसणारी त्वचा आणि स्नायूवरचे आवरणही काढावे लागते. काढलेल्या तुकड्याची दिशा कळावी म्हणून शल्यचिकित्सक त्याला खुणेचे टाके घालतात. पॅथॉलॉजिस्ट कडांना शाई लावून काप घेतात. शाईपर्यंत पेशी पोहोचल्या असतील, तर पुन्हा शस्त्रक्रिया. मात्र नेहमीच्या कापांत एकूण कडेचा अगदी थोडा भाग तपासला जातो. फ्रेडरिक मोह्स यांच्या पद्धतीत थर काढत, प्रत्येक थराची संपूर्ण कड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली जाते. अरुंद कडेने काढलेल्या गाठी जुन्या नोंदींत २६ ते ६० टक्के रुग्णांत परतल्या. मोह्समध्ये हे प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या आसपास आहे. चेहऱ्यावर तीन सेंटिमीटर त्वचा काढणे शक्यच नसते, तिथे ही पद्धत विशेष उपयोगी ठरते.

मोठी जखम शेजारची त्वचा सरकवून लगेच झाकण्याचा मोह होतो. तो टाळलेलाच बरा: अहवालात कड बाधित निघाली, तर सरकवलेल्या त्वचेखाली ती जागा शोधणे अवघड होते. अहवाल येईपर्यंत साधे ड्रेसिंग किंवा त्वचेचे पातळ कलम पुरते.

दिल्लीत एम्सच्या आंबेडकर रोटरी कर्करोग रुग्णालयात आणि हरियाणात झज्जरजवळच्या बाढसा येथील एम्सच्याच ७१० खाटांच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत उत्तर प्रदेश, बिहारकडूनही असे रुग्ण येतात. बाहेर एकदा शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाकडे जुन्या स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक असतील, तर निदान पक्के करणे सोपे जाते. सीडी३४ ही चाचणी त्यांवर करता येते आणि १७ व २२ या गुणसूत्रांतील अदलाबदलही तपासता येते. याच अदलाबदलीमुळे इमॅटिनिब हे औषध काम करते. शस्त्रक्रियेने न निघणाऱ्या गाठींसाठी अमेरिकेत २००६ मध्ये त्याला मान्यता मिळाली.

गाठ परतलीच, तर बहुधा पहिल्या तीन वर्षांत. त्यामुळे या काळात दर सहा महिन्यांनी व्रण बोटांनी चाचपून पाहतात, नंतर वर्षातून एकदा. उशिरा परतणाऱ्या गाठीही असतात. शरीरात इतरत्र, मुख्यतः फुप्फुसांत, पसरण्याचे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी असते. पण फायब्रोसार्कोमाचा अंश असलेल्या गाठींत ही भीती वाढते आणि अशांना छातीचे स्कॅन सांगतात.